नऊ हजार पिक्सेल डावीकडे

३० मार्च २००५ला वर्डप्रेस डॉट ऑर्गचं, म्हणजे वर्डप्रेस या ब्लॉग लिहिण्याच्या फुकट सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळाचं, मुखपृष्ठ रोजच्यासारखंच दिसत होतं. पानावर उजवं क्लिक करून ‘व्ह्यू सोर्स’ केलं, म्हणजे पानामागचा कोड उघडला, तर मात्र त्याच्या पोटात एक वेगळाच तुकडा सापडत होता. कर्ज, आरोग्य, विमा, घरखरेदी, घरबसल्या धंदा अशा विषयांवरच्या लेखांच्या लिंका त्यात होत्या. पानावर त्या दिसत नव्हत्या, कारण त्या तुकड्याला सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, टेक्स्ट-इंडेंट (ओळ किती सरकवायची ते) उणे ९००० पिक्सेल दिलं होतं आणि बाहेर सांडलेलं झाकायला ओव्हरफ्लो हिडन. त्या काळचा नेहमीचा मॉनिटर १०२४ पिक्सेल रुंद असायचा. म्हणजे त्या लिंका वाचकाच्या डाव्या हाताला आठ-नऊ मॉनिटर सोडून पलीकडे उभ्या होत्या. गूगलचा क्रॉलर, म्हणजे शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम, मॉनिटर लावून वाचत नाही. त्याला त्या व्यवस्थित दिसत होत्या.

हे चव्हाट्यावर आणलं अँडी बायो या अमेरिकन प्रोग्रामरनं, वॅक्सी डॉट ऑर्ग या आपल्या संकेतस्थळावर. लिंकांचा माग काढत तो वर्डप्रेस डॉट ऑर्गच्याच ‘आर्टिकल्स’ नावाच्या फोल्डरमध्ये पोचला. गूगलच्या मोजणीनुसार तिथे सुमारे १,६८,००० पानं होती. अ‍ॅस्बेस्टॉस, मेसोथेलिओमा, विमा, कर्जाचं एकत्रीकरण, मधुमेह, गहाणखत. ब्लॉग लिहिण्याच्या सॉफ्टवेअरशी यातल्या कशाचाही संबंध नाही.

संबंध होता तो जाहिरातीच्या दराशी. मेसोथेलिओमा हा अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीशी जोडलेला कर्करोग. अमेरिकेत त्यावरून नुकसानभरपाईचे मोठे खटले चालतात, आणि एक अशील मिळावा म्हणून वकील मंडळी एकेका क्लिकला घसघशीत पैसे मोजतात. गूगलच्या जाहिरात-लिलावात हा शब्द तेव्हा सर्वांत महागड्या शब्दांत गणला जायचा. आजार जितका भयंकर तितका क्लिक महाग, हे त्या बाजाराचं गणित. अशा शब्दांभोवती भाराभर लेख लिहून घ्यायचे, त्यांवर गूगलच्याच अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती लावायच्या आणि वाचक शोधातून येईल असं बघायचं, हा एका कंपनीचा धंदा होता. तिनं वर्डप्रेस डॉट ऑर्गला ठरावीक रक्कम देऊन आपले लेख तिथे ठेवले होते.

लेख तिनं स्वतःच्या डोमेनवर का नाही ठेवले? या प्रकरणाची किल्ली याच प्रश्नात आहे.

गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी १९९८मध्ये स्टॅनफर्डला मांडलेल्या पेजरँकचं, म्हणजे शोधात कुठलं पान वर दाखवायचं ते ठरवण्याच्या पद्धतीचं, सूत्र थोडक्यात असं: एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत. मत देणारा जितका वजनदार, तितकं मताला वजन. आता वर्डप्रेसची त्या वेळची रचना बघा. नवा ब्लॉग उभा केला की तळाशी वर्डप्रेसची लिंक आपोआप यायची. बाजूच्या पट्टीत ब्लॉगरोल, म्हणजे इतर ब्लॉगांच्या लिंकांची यादी, असायचा, आणि त्यात वर्डप्रेस घडवणाऱ्या प्रोग्रामरांची नावं लिंकांसकट आधीच भरलेली असायची. बहुतेक जण ती काढायचे नाहीत. कुणी कृतज्ञतेनं, बरेचसे आळसानं. म्हणजे प्रत्येक नव्या ब्लॉगगणिक वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या पेटीत एक मत पडत होतं. मे २००४मध्ये मूव्हेबल टाइप या प्रतिस्पर्ध्यानं परवान्याचे दर बदलले तेव्हा तिकडचे ब्लॉगर घाऊक भावात इकडे आले, आणि मतंही. वर्डप्रेसचा मुख्य प्रोग्रामर मॅट मलनवेग पुढे गूगलवर नुसतं ‘मॅट’ शोधलं तरी सर्वांत वर यायचा, हा त्याच पुण्याईचा भाग.

अशा डोमेनवर ठेवलेला लेख वर चढणारच. कंपनीनं जागा विकत घेतली नव्हती, वजन भाड्यानं घेतलं होतं. आणि ते वजन मलनवेगच्या एकट्याच्या मालकीचं नव्हतं.

आपल्याकडे सोसायट्यांमध्ये घडतं तसंच हे. चेअरमननं सभासदांना न विचारता गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू द्यायचा. भाड्याचे पैसे तो खिशात घालत नाही, लिफ्टच्या दुरुस्तीलाच लावतो. तरी गच्ची सगळ्यांची, आणि टॉवर दिसू नये म्हणून चेअरमननं त्याभोवती पत्र्याचं कुंपण घातलेलं. सभासदांचा संताप टॉवरपेक्षा त्या पत्र्यावर जास्त असतो.

दुसरी बाजू नीट मांडायला हवी, कारण ती खोटी नव्हती. मलनवेग तेव्हा एकवीस वर्षांचा होता, सॅन फ्रान्सिस्कोत सीनेट या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या कंपनीत नोकरीला. मे २००३मध्ये इंग्लंडच्या माइक लिटलबरोबर त्यानं वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली, तीही मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच प्रोग्रामरच्या ‘बीटू’ नावाच्या जुन्या सॉफ्टवेअरवर बेतून. १७ फेब्रुवारी २००५ला आलेली १.५ ही आवृत्ती धडाधड उतरवली जात होती, आणि सॉफ्टवेअर फुकट असलं तरी सर्व्हरचं बिल फुकट येत नाही. बोभाटा होण्याच्या आधीच एका वापरकर्त्यानं या लेखांबद्दल विचारलं होतं. तेव्हा मलनवेगनं जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: ही एका त्रयस्थाची जाहिरात आहे, ठरावीक रकमेवर ठेवली आहे, प्रयोग म्हणून, देणग्या आटत होत्या आणि खर्च चढत होता.

खोटं तो बोलला नव्हता. पण कुणी विचारलं तेव्हा सांगितलं, आणि आपण होऊन लपवलं. बायोची नोंद फिरू लागली तेव्हा मलनवेग इटलीत सुट्टीवर होता. तोवर तिकडे रान पेटलं होतं. गूगलनं ते लेख आपल्या यादीतून काढून टाकले. मुखपृष्ठावरच्या लिंकाही गेल्या. मलनवेगनं आपल्या ब्लॉगवर चूक कबूल करून माफी मागितली.

आता वेळ बघा. १८ जानेवारी २००५ला, म्हणजे दहाच आठवडे आधी, गूगलनं ‘नोफॉलो’ची घोषणा केली होती. ब्लॉगांखालच्या प्रतिक्रियांमध्ये औषधांच्या आणि जुगाराच्या लिंका डकवून जाणाऱ्यांचा तेव्हा नुसता सुळसुळाट होता. उपाय असा की अशा लिंकेवर ‘नोफॉलो’ असा शिक्का मारायचा. मग शोधयंत्रं तिचं मत मोजणार नाहीत. याहू आणि मायक्रोसॉफ्टनं पाठिंबा दिला, आणि ब्लॉगची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांपैकी ज्यांनी हात वर केला त्यांत वर्डप्रेसही होतं. सामान्य ब्लॉगरला वर्डप्रेसनं बजावलं होतं की तुझ्या अंगणात कुणी लिंका पेरत असेल तर त्यांना मत मिळू देऊ नकोस. आणि स्वतःच्या अंगणात काय पेरलं होतं ते वर आलंच आहे.

तेव्हाच्या चर्चांमध्ये दोन तट पडले. एक म्हणायचा, हा विश्वासघात. दुसरा विचारायचा, तुम्ही कधी देणगीचा एक डॉलर तरी दिलात का? मला दुसऱ्या तटाचा प्रश्न चोख वाटतो, पण तो या प्रकरणाला लागू पडत नाही. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘प्रायोजक’ लिहून त्याच कंपनीची लिंक टाकली असती तर चार लोकांनी नाकं मुरडली असती आणि विषय संपला असता. सगळं प्रकरण त्या ९०००च्या आधीच्या उणे चिन्हात आहे. पैसे घेणं हा गुन्हा नव्हता. वाचकाला एक पान आणि क्रॉलरला दुसरं, हा होता.

सभागृहातली माणसं

पैशाचा प्रश्न नंतर उघड मार्गानं सुटला. २००५च्या ऑगस्टमध्ये मलनवेगनं ऑटोमॅटिक ही कंपनी काढली, ऑक्टोबरमध्ये सीनेट सोडलं. त्याच महिन्यात अकिस्मेट आलं, प्रतिक्रियांमधला स्पॅम गाळणारी सेवा: वैयक्तिक ब्लॉगला फुकट, धंद्याला विकत. नोव्हेंबरमध्ये वर्डप्रेस डॉट कॉम सगळ्यांसाठी खुलं झालं. मार्चमध्ये स्पॅमच्या बाजूला जाऊन भाडं घेणारा माणूस ऑक्टोबरमध्ये स्पॅम अडवण्याचे पैसे घेऊ लागला, असं कुत्सितपणे म्हणता येईल. मी ते तसं म्हणणार नाही, पण कुणी म्हटलं तर अडवणारही नाही.

५ ऑगस्ट २००६ला सॅन फ्रान्सिस्कोच्या स्वीडिश अमेरिकन हॉलमध्ये पहिलं वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेस वापरणाऱ्यांचा मेळावा, झालं. नाव बारकॅम्पवरून उचललं होतं. बारकॅम्प म्हणजे आदल्या वर्षी पालो आल्टोत सुरू झालेली पद्धत: आमंत्रणाची भानगड नाही, ज्याला सांगण्यासारखं आहे त्यानं सांगावं. एका दिवसाच्या त्या मेळाव्याला पाचशेहून अधिक लोक आले. २००५च्या प्रकरणामुळे वर्डकॅम्प सुरू झालं असा कार्यकारणभाव मी जोडत नाही, तसा पुरावा नाही. पण ज्यांच्या लिंकांच्या वजनावर वर्डप्रेस डॉट ऑर्ग उभं होतं ते लोक सर्व्हरच्या नोंदीतले आकडे न राहता तिथे खुर्च्यांवर येऊन बसले, एवढं खरं. समोर बसलेल्या पाचशे जणांना उणे ९००० पिक्सेलवर ठेवता येत नाही.

पुढच्या वर्षीचं वर्डकॅम्प दोन दिवसांचं होतं, २१ आणि २२ जुलै २००७. व्यासपीठावर दुसरा मॅट आला, मॅट कट्स. हा गूगलच्या वेबस्पॅम पथकाचा प्रमुख. छुप्या लिंका लावणाऱ्यांना यादीतून उडवणं हेच त्याचं काम. ज्या समूहाच्या मुखपृष्ठावर दोन वर्षांपूर्वी छुप्या लिंका सापडल्या होत्या, त्याच समूहाला तो शोधात सचोटीनं वर कसं यावं ते सांगत होता. पोलिसानं गल्लीत येऊन कुलूप कसं लावावं ते शिकवावं, तसं. त्याचा स्वतःचा ब्लॉगही वर्डप्रेसवरच होता, हे इथे सांगायला हवं.

त्या भाषणातली एक गोष्ट प्रोग्रामर मंडळींना विशेष आवडेल. लेखाच्या पत्त्यात शब्द जोडायचे ते संयोगचिन्हानं की अंडरस्कोअरनं, म्हणजे तळाच्या रेघेनं? कट्सनं २००५मध्येच लिहून ठेवलं होतं की संयोगचिन्ह वापरा. अंडरस्कोअरनं जोडलेले दोन शब्द गूगल एकच शब्द धरायचं. कारण मजेशीर आहे: गूगल बांधलं संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, आणि प्रोग्रामर माणूस ‘एफटीपी_बायनरी’सारखं नाव शोधतो तेव्हा ते त्याला अखंड हवं असतं. मधली रेघ ही त्या नावाचा अवयव आहे. त्यामुळे प्रोग्रामरांच्या सोयीसाठी घेतलेला निर्णय आंब्याच्या लोणच्यावर लिहिणाऱ्याला नडत होता.

वर्डकॅम्पमध्ये कट्सनं सांगितलं की गूगलमध्ये हे बदलण्याचं काम चालू आहे. काही दिवसांतच सीनेटवर लेख आला की गूगल आता अंडरस्कोअर आणि संयोगचिन्ह सारखंच मानतं. झालं. जगभरच्या एसइओवाल्यांनी, म्हणजे पानं शोधात वर आणण्याचं काम करणाऱ्यांनी, ती बातमी उचलली. कट्सला आपल्या ब्लॉगवर खुलासा करावा लागला: काम चालू आहे म्हणालो होतो, झालं म्हणालो नव्हतो, आणि संयोगचिन्हच वापरा. गूगलचा लेखी सल्ला आजही संयोगचिन्हाचाच आहे.

या छोट्या घोळातून मला मेळाव्यांचं खरं मोल कळतं. सभागृहात बसलेल्याला कट्सचा सूर ऐकू आला होता. ‘बघतोय’ आणि ‘झालं’ यांतला फरक माणूस डोळ्यांनी टिपतो. सभागृहाबाहेर पडता पडता तो फरक गळून पडला. एसइओच्या निम्म्या अंधश्रद्धा अशाच जन्मल्या असाव्यात असा माझा संशय आहे: कुणीतरी कुठेतरी जबाबदारीनं बोललेल्या वाक्यातलं ‘कदाचित’ वाटेत हरवलं. आमच्या एका जुन्या क्लायंटकडे प्रत्येक लेखात मुख्य शब्द नेमका सात वेळा आलाच पाहिजे असा नियम होता. सात का, ते तिथल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आठव्यांदा आला तर लेख परत यायचा.

त्याच २००७मध्ये छुप्या लिंकांचा विषय दुसऱ्या दारानं परत आला. फुकट थीम, म्हणजे ब्लॉगचं रूप ठरवणारे तयार साचे, बनवणारे काही जण पानाच्या तळाशी प्रायोजकांच्या लिंका टाकायचे: कर्जं, पोकर, घड्याळं. ब्लॉगर थीम चढवायचा आणि नकळत आपलं मत विकून बसायचा. मलनवेगनं या पद्धतीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली आणि अशा थीमना वर्डप्रेसच्या यादीतून बाहेरची वाट दाखवली गेली. आजही अधिकृत संग्रहात अशा थीमला थारा नाही. ज्याचे हात एकदा पोळले त्यानंच आगीभोवती कुंपण घातलं, असं मी याकडे बघतो. तेव्हा ‘आधी स्वतःचं बघा’ म्हणणारेही होते, आणि त्यांनाही पूर्ण चूक ठरवता येत नाही.

मे २००९च्या वर्डकॅम्पमध्ये कट्स पुन्हा आला आणि म्हणाला की एसइओच्या यांत्रिक भागापैकी ८० ते ९० टक्के काम वर्डप्रेस आपलं आपणच करतं. हे वाक्य मग जाहिरातींत इतकं वापरलं गेलं की गुळगुळीत झालं. पण ‘यांत्रिक भाग’ हे शब्द वाचा. पत्ते नीट करणं, शीर्षकं योग्य टॅगमध्ये घालणं, पानांना एकमेकांशी जोडणं ही यंत्राची कामं. उरलेल्या कामात लिहिणं येतं, आणि कुणीतरी आपण होऊन लिंक द्यावी इतकं बरं लिहिणं. त्याला प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायची तयार पुरवणी, नाही.

विकत घेतलेल्या लिंकेला तिचं स्वतःचं नाव मिळायला २०१९चा सप्टेंबर उजाडावा लागला. गूगलनं तेव्हा ‘नोफॉलो’च्या जोडीला दोन नवे शिक्के आणले: जाहिरातीच्या लिंकेसाठी ‘स्पॉन्सर्ड’, वाचकांनी लिहिलेल्या मजकुरातल्या लिंकेसाठी ‘यूजीसी’. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.३नं प्रतिक्रियांमधल्या लिंकांना ‘यूजीसी’ लावायला सुरुवात केली. २००५मध्ये ‘स्पॉन्सर्ड’ असतं तर मलनवेगनं ते लावलं असतं का? लावलं असतं तर कंपनीनं पैसेच दिले नसते. तिला जाहिरात नको होती, मत हवं होतं.

सभागृहाबद्दल मी फार गोड लिहितोय असं वाटलं तर सप्टेंबर २०२४ आठवावा. पोर्टलंडच्या वर्डकॅम्प यूएसमध्ये मलनवेगनं व्यासपीठावरूनच डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर तोफ डागली, आणि ऑक्टोबरात ती कंपनी कोर्टात गेली. खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी कित्येकांची रोजीरोटी त्या भांडणात दोन्हीकडून अडकलेली. समोरासमोर बसलं की सगळं निर्मळ होतं असं नाही. फक्त जे होतं ते दिसतं.

बावीस चिन्हांची गोष्ट

वर्डकॅम्पचं लोण आपल्याकडेही आलं. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इथे ती झाली, आणि २०२६चं वर्डकॅम्प एशिया मुंबईला ठरलं. पण माझं शिक्षण झालं ते मोठ्या मेळाव्यांपेक्षा पुण्यातल्या रविवार सकाळच्या छोट्या बैठकांत: मित्राच्या ऑफिसातली उसनी खोली, एक प्रोजेक्टर, पंधरा-वीस माणसं, नंतर मिसळ. त्यातल्या एका सकाळची हकिगत सांगतो.

एक निवृत्त इंजिनिअर काका आले होते. नर्मदा परिक्रमा पायी केलेली आणि तिच्यावर वर्डप्रेसवर लेखमाला लिहिलेली. तक्रार अशी की व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची हातभर लांब शेपटी जाते, आणि शेवटचा आकडा बदलून सातवा भाग पाठवला की लोकांना सहावा उघडतो. “गूगललाही माझे भाग कळत नाहीत,” काका म्हणाले. खोलीतल्या अर्ध्या लोकांनी काकांचंच काहीतरी चुकलं असणार असं गृहीत धरलं. मीही.

एका मुलीनं, तेव्हा ती कॉलेजात होती, त्यांचा डेटाबेस प्रोजेक्टरवर उघडला. पत्त्याचा जो शेपटाकडचा भाग, ज्याला स्लग म्हणतात, तो वर्डप्रेस ‘पोस्ट-नेम’ नावाच्या रकान्यात ठेवतं. त्या रकान्याची कमाल लांबी २००. इंग्रजी शीर्षकाला २०० अक्षरं म्हणजे चैन. पण देवनागरी अक्षर पत्त्यात जाताना सांकेतिक रूपात जातं. प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, प्रत्येक बाइटला टक्क्याचं चिन्ह आणि दोन खुणा, म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. इथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे: मात्रा वेगळी मोजली जाते, वेलांटी वेगळी, जोडाक्षरातला हलन्तही वेगळा. २००ला नऊनं भागा. बावीस चिन्हं. तेवढ्यात मराठी शीर्षक बसवायचं.

काकांच्या लेखांची शीर्षकं होती ‘नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर – प्रस्तावना’, ‘नर्मदा परिक्रमेच्या वाटेवर – भाग १’ आणि पुढे तशीच. मोजून बघा: ‘नर्मदा’ची सहा, ‘परिक्रमेच्या’ची बारा, मधल्या दोन मोकळ्या जागा, आणि मग ‘वाटे’शी बरोबर २०० भरतात. ‘वर’ कापला गेला, आणि भागाचा क्रमांक तर पोचलाच नाही. प्रस्तावनेचा पत्ता झाला ‘नर्मदा-परिक्रमेच्या-वाटे’. भाग पहिला आला तेव्हा वर्डप्रेसला तोच पत्ता घेतलेला दिसला, म्हणून त्यानं शेवटी २ जोडायचं ठरवलं. त्या ‘-२’ला जागा हवी म्हणून ‘वाटे’ची मात्राही गेली. उरलं ‘वाट-२’. म्हणजे भाग पहिल्याला २, सहाव्याला ७. काकांनी आकड्यावर विश्वास ठेवला, आणि सगळ्या परिक्रमेला एका मुक्कामाचा फरक पडला.

खोलीत एकदम गलका झाला. तिथल्या निम्म्या लोकांचे मराठी ब्लॉग होते आणि प्रत्येकाला आपल्या पत्त्यांतली ती ‘-२’, ‘-३’ आठवली. ज्या त्या माणसानं ती आपलीच चूक समजून मुकाट सोसली होती. घरी एकेकटं बसून कुणाला उमजलं नसतं. पंधरा ब्लॉग एकाच भिंतीवर दिसले तेव्हा नमुना दिसला. वर्डप्रेसच्या ट्रॅकवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या अडचणी नोंदवायच्या जागी, या रकान्याच्या लांबीबद्दल जुनी तिकिटं (नोंदी) आहेत. २००चा आकडा ज्यानं ठरवला त्याच्या डोळ्यांसमोर मात्रा नव्हत्या, अंडरस्कोअर जोडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लोणचं नव्हतं तसंच.

उपाय सोपा निघाला. स्लग हातानं रोमन लिपीत छोटा लिहायचा, त्यात भागाचा खरा क्रमांक घालायचा. शीर्षक मराठीतच राहू द्यायचं, कारण शोधणारा माणूस तेच शब्द टाकतो आणि गूगलही पत्त्यापेक्षा शीर्षकाकडे जास्त बघतं. जुना स्लग वर्डप्रेस लक्षात ठेवतं, त्यामुळे आधी पाठवलेल्या लिंका नव्या पत्त्यावर आपोआप वळतात. तासाभरात काकांची सगळी माला सरळ झाली.

मग काका म्हणाले, “आता बसलोच आहोत तर माझ्या पानाच्या पोटात काय काय आहे ते दाखवा.” व्ह्यू सोर्स केलं. थीम त्यांच्या भाच्यानं कुठल्याशा साइटवरून फुकटात उतरवून दिली होती, मूळची विकतची. मुलगी तळाकडे सरकत गेली आणि थांबली. कॉपीराइटच्या ओळीखाली एक लहानसा तुकडा होता आणि त्यात ऑनलाइन सट्ट्याच्या दोन साइटच्या लिंका. काकांनी चष्मा वर करून भिंतीवरची ओळ मोठ्यानं वाचली. पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट, लेफ्ट उणे ९९९९ पिक्सेल.

“म्हणजे मी अमरकंटकबद्दल लिहीत होतो,” ते म्हणाले, “आणि हे माझ्या डावीकडे उभे होते?”

तुकडा काढला, थीम बदलली. मिसळीला उशीर झाला होता.